कार्ल शुर्त्स यांच्या आठवणींचा संच : पहिला खंड घ्यावाच, तिसरा पाहून घ्यावा

जर्मनीतून परागंदा होऊन अमेरिकेत गेलेले आणि तिथे संपादक, सेनापती, सिनेटर व मंत्री झालेले कार्ल शुर्त्स यांचे तीन खंडांतले आत्मचरित्र १९०७ आणि १९०८ या वर्षांत न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले. त्यावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला असल्यामुळे आज ते कोणालाही छापता येते, आणि मागणी येईल तशी एकेक प्रत काढून देणारे विक्रेते ते छापून विकतातही. अशाच एका विक्रेत्याकडून मी हा संच ऑनलाइन मागवला. तिन्ही खंड मिळून दोन हजार रुपयांच्या आत पडले, पार्सल सांगलीत वेळेवर पोहोचले, खोक्यात पुरेसा कागद भरलेला होता आणि पुठ्ठ्यांचे कोपरे शाबूत होते. तक्रार आहे ती खोके उघडल्यानंतरची. छपाई आणि बांधणी यांतला दोष विक्रेत्याकडे जातो. पण जाहिरातीत ‘संपूर्ण जीवनकथा’ म्हणून जे आश्वासन दिले होते, ते मूळ ग्रंथच पुरे करत नाही. संच घेऊ पाहणाऱ्याने पैसे भरण्याआधी या दोन्ही गोष्टी जाणून घ्याव्यात. एवढे असूनही यातला पहिला खंड मी कोणालाही बिनदिक्कत घ्यायला सांगेन.

आधी वस्तूबद्दल. पुस्तकाची नव्याने अक्षरजुळणी केलेली नाही. जुन्या प्रतीची पाने स्कॅन करून तीच जशीच्या तशी छापली आहेत. यामुळे नव्या चुका शिरत नाहीत, हा फायदा लहान नव्हे, कारण संगणकाने अक्षरे ओळखून छापलेल्या स्वस्त पुस्तकांत जर्मन विशेषनामांची जी दैना होते ती पाहवत नाही. पण जुन्या प्रतीवरचे सगळे डागही त्याबरोबर आले आहेत. कोण्या वाचकाने समासात पेन्सिलीने ओढलेल्या रेघा काळ्याभोर शाईत छापल्या गेल्या आहेत, आणि पहिल्या खंडातल्या एका पानाच्या तळाशी स्कॅन करणाऱ्याच्या रबरी टोपण घातलेल्या बोटाचे टोक आले असून शेवटच्या ओळीतले दोन शब्द त्याखाली झाकले गेले आहेत. मूळ आवृत्ती सचित्र होती. इथे मात्र चित्रे काळीठिक्कर उमटली आहेत आणि एका छायाचित्रात तर दाढी कुठे संपते आणि कोट कुठे सुरू होतो ते कळत नाही. पानाचा आकार थोडा आक्रसून छापल्यामुळे अक्षर बारीक झाले आहे. आतला समास इतका अरुंद आहे की ओळीची सुरुवात वाचण्यासाठी पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडे धरावे लागते. पाने दोऱ्याने शिवलेली नसून पाठीला नुसती चिकटवलेली आहेत, त्यामुळे असे दाबले की गोंद तडकतो. दुसऱ्या खंडाची मधली काही पाने पहिल्याच वाचनात सुटून हातात आली. कागद मात्र बरा आहे, किंचित पिवळसर, डोळ्यांना न त्रासणारा.

आता मजकुराबद्दल, ज्यासाठी हे सगळे सोसावे की नाही ते ठरवायचे आहे.

पहिल्या खंडात १८२९ ते १८५२ हा काळ येतो. शुर्त्स यांनी तो जर्मनमध्ये लिहिला आणि नंतर त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. पुढचे दोन्ही खंड त्यांनी थेट इंग्रजीत लिहिले. कोलोनजवळच्या लिब्लार या गावी २ मार्च १८२९ रोजी त्यांचा जन्म झाला, आजोबा तिथल्या सरदाराच्या गढीची शेती कसायला घेतलेले कूळ होते आणि वडील शाळामास्तर. बालपणाची ही पाने निवांत आहेत, कोणाला ती लांबलेली वाटतील. घरावर कर्जाचा डोंगर झाल्यामुळे शाळा अर्धवट सुटली, तरी बाहेरून परीक्षा देऊन त्यांनी बॉनच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला, आणि इथून पुढे हे पुस्तक खाली ठेववत नाही.

फेब्रुवारी १८४८ च्या अखेरीस हा विद्यार्थी आपल्या माळ्यावरच्या खोलीत बसून उल्रिश फॉन हुटेन या सोळाव्या शतकातल्या बंडखोर सरदारावर शोकांतिका लिहीत होता. तेवढ्यात एक मित्र धापा टाकत आत आला आणि फ्रेंचांनी राजा लुई फिलिप याला हाकलून दिल्याची बातमी त्याने सांगितली. शुर्त्स लेखणी टाकून उठले ते पुन्हा त्या नाटकाकडे वळलेच नाहीत. आपल्या सांगलीत ‘सीता स्वयंवर’ त्याच्या पाच वर्षे आधी, १८४३ मध्ये उभे राहिले होते, त्यामुळे नाटक अर्धे टाकून उठलेल्या माणसाबद्दल इथल्या वाचकाला थोडी हळहळ वाटणे साहजिक आहे. पण त्या काळात बॉनमध्ये लोकशाहीसाठी जी क्रांतीची चळवळ सुरू झाली होती तीत शोकांतिकेला लागणारी निवांत दुपार कोणाच्याच वाट्याला येणार नव्हती. कला आणि साहित्य शिकवणारे प्राध्यापक गॉटफ्रीड किंकेल यांनी लोकशाहीवादी वृत्तपत्र हाती घेतले, आणि शुर्त्स त्यांचे सहायक झाले. पत्रकारितेचे पहिले धडे त्यांनी इथे गिरवले. मे १८४९ मध्ये झीगबुर्ग येथील शस्त्रागारावर चालून जाण्याचा गुरुशिष्यांचा बेत फसला. मग दोघेही दक्षिणेकडच्या क्रांतिकारी सैन्यात सामील झाले.

रास्टाटच्या किल्ल्याची शरणागती हा या खंडातला पहिला मोठा प्रसंग आहे. क्रांतिकारकांच्या ताब्यातला हा किल्ला २३ जुलै १८४९ रोजी क्रांती मोडणाऱ्या प्रशिया या जर्मन राज्याच्या हवाली झाला. शुर्त्स प्रशियाचे प्रजाजन असल्यामुळे त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे केले जाऊन गोळ्या घातल्या जाण्याची भीती खरीखुरी होती. पुढे त्या किल्ल्यात अनेकांना तशी शिक्षा झालीही. शहरातून बाहेर जाणाऱ्या एका भुयारी गटाराची त्यांना आठवण झाली आणि दोन साथीदारांसह ते त्यात उतरले. पहिला प्रयत्न फसला, परत शहरात येऊन एका माळ्यावर उपाशीतापाशी दडून राहावे लागले, खाली प्रशियन शिपायांचा वावर, वर खोकण्याचीही सोय नाही. दुसऱ्या खेपेस ते बाहेर पडले आणि ऱ्हाइन ओलांडून फ्रान्सच्या हद्दीत पोहोचले. ही पाने लिहिताना त्यांनी पाण्याची पातळी, अंधार, भूक आणि भीती एवढ्यांचाच हिशेब दिला आहे. भाषण ठोकलेले नाही.

एवढ्यावर कोणीही सुटकेचा श्वास टाकून स्वित्झर्लंडमध्ये स्थिरावला असता. शुर्त्स मात्र परत गेले. किंकेल पकडले गेले होते, त्यांना जन्मठेप झाली होती, आणि कलेचा इतिहास शिकवणाऱ्या त्या माणसाला तुरुंगात लोकर कातायला बसवले होते. त्यांच्या पत्नी योहाना, ज्या स्वतः संगीतरचनाकार होत्या, त्यांनी पैसा उभा केला. शुर्त्स मामेभावाच्या नावाचा प्रवासाचा परवाना घेऊन १८५० मध्ये बर्लिनला आले आणि श्पांडाउच्या तुरुंगातला एखादा पहारेकरी वळवता येतो का याचा कित्येक आठवडे शोध घेत राहिले. अखेर ब्रुने नावाचा पहारेकरी तयार झाला. ठरलेल्या रात्री ऐन वेळी किल्ल्या मिळाल्या नाहीत आणि सगळा बेत कोसळला. दुसऱ्या रात्री, ६ नोव्हेंबरला, कोठडीच्या दारातून किंकेल यांना माळ्यावर आणून छपराच्या खिडकीतून दोरखंडाने रस्त्यावर उतरवण्यात आले. कौलाविटांचे तुकडे खाली पडल्याचा आवाज दबावा म्हणून एका साथीदाराने आपली घोडागाडी दगडी रस्त्यावरून खडखडत नेली. तिथून रोस्टॉक, मग एका व्यापाऱ्याचे शिडाचे जहाज, मग स्कॉटलंडचा किनारा.

सांगलीत हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे २४ जुलै १९४३ हा दिवस उभा राहतोच. वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी इथल्या तुरुंगाच्या तटावरून खंदकात उड्या टाकून निसटले आणि पाठलागात दादांना गोळी लागली, ही हकिकत आपल्याकडे घरोघरी ऐकलेली आहे. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले तर एक फरक ठळक दिसतो. सांगलीत आतल्यांनी भरदिवसा स्वतःच्या हिमतीवर तट ओलांडला. श्पांडाउमध्ये बाहेरून आलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाने एकही गोळी न झाडता, पैसा, चिकाटी आणि माणसांची पारख यांच्या बळावर काम साधले. आपल्या मनात पहिल्या प्रकारच्या शौर्याला जागा पटकन मिळते. दुसऱ्या प्रकाराचा कंटाळवाणा, रोजचा भाग कसा असतो, कोणत्या खाणावळीत कोणाशी कसे बोलायचे, कोणाला किती सांगायचे, हे शुर्त्स यांनी जितके बारकाईने लिहिले आहे तितके मी आपल्याकडच्या भूमिगतांच्या आठवणींत फारसे वाचलेले नाही. पहिल्या खंडाची किंमत या एका प्रकरणात वसूल होते.

दुसरा खंड १८५२ मध्ये सुरू होतो. लंडनमध्ये शुर्त्स यांचा हॅम्बुर्गच्या मार्गारेटे मायर यांच्याशी विवाह झाला होता आणि हे जोडपे त्याच वर्षी न्यूयॉर्कला उतरले. इथली सर्वांत वाचनीय पाने इंग्रजी शिकण्याबद्दलची आहेत, आणि स्पर्धा परीक्षांची किंवा परदेशी भाषांची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी ती जरूर वाचावीत. व्याकरणाचे पुस्तक हाती घेण्याऐवजी शुर्त्स यांनी फिलाडेल्फियाचे दैनिक रोज जाहिरातींसकट वाचायला सुरुवात केली, मग कादंबऱ्या, मग इतिहास, मग कायद्याचे ग्रंथ. त्यानंतर ‘ज्युनिअस’ या टोपणनावाने अठराव्या शतकात प्रसिद्ध झालेल्या राजकीय पत्रांचे त्यांनी जर्मनमध्ये भाषांतर केले, त्या जर्मनवरून पुन्हा इंग्रजी केले आणि ते मुळाशी ताडून पाहिले. काही वर्षांतच हा माणूस बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये इंग्रजीतून भाषण देत होता, ही १८५९ ची गोष्ट.

विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन या गावी ते स्थायिक झाले. मार्गारेटे यांनी १८५६ मध्ये तिथे जर्मन भाषेतली बालवाडी सुरू केली, जी अमेरिकेतली पहिली मानली जाते. शुर्त्स यांचे नाव १८५७ मध्ये विस्कॉन्सिनच्या उपराज्यपालपदासाठी पुढे आले आणि ते अगदी थोड्या मतांनी पडले. परक्या देशात पाच वर्षांपूर्वी उतरलेल्या माणसाला उमेदवारी मिळण्याचे कारण सरळ आहे: उत्तरेकडच्या राज्यांत जर्मन मतदार मोठ्या संख्येने होते, नव्या रिपब्लिकन पक्षाला ते हवे होते, आणि गुलामगिरीविरुद्ध त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलू शकेल असा वक्ता पक्षाला शुर्त्स यांच्यात सापडला. शुर्त्स स्वतः हे गणित लपवत नाहीत.

१८५८ मध्ये क्विन्सीकडे जाणाऱ्या आगगाडीत त्यांनी लिंकन यांना प्रथम पाहिले. ते वर्णन या खंडातले रत्न आहे: डोक्यावर जुनाट उंच टोपी, डाव्या हातावर करड्या लोकरीची शाल, त्याच हातात फुगलेली कापडी छत्री आणि झिजलेली पिशवी, आणि उजवा हात लोकांशी हस्तांदोलन करण्यासाठी मोकळा ठेवलेला. निवडणुकीच्या धामधुमीतला राजकारणी ज्याने जवळून पाहिला आहे त्याला तो मोकळा उजवा हात लगेच ओळखू येईल. पुढे लिंकन यांनी त्यांना स्पेनमध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून पाठवले, तिथून परत येऊन ते यादवी युद्धात सेनाधिकारी झाले, आणि १८६२ च्या अखेरीस युद्ध चालवण्याच्या पद्धतीवर टीका करणारे पत्र त्यांनी थेट अध्यक्षांना लिहिले. लिंकन यांचे उत्तर झणझणीत होते; मागाहून त्यांनी शुर्त्स यांना बोलावून घेतले आणि गुडघ्यावर थाप मारत, पत्रातून जोरात हाणले ना, अशा अर्थाचा प्रश्न विचारून विषय संपवला.

युद्धाचा भाग मला जड गेला. मे १८६३ मध्ये चॅन्सलर्सव्हिल येथे ज्या अकराव्या कोअरची, म्हणजे सैन्याच्या मोठ्या तुकडीची, दाणादाण उडाली तिच्यात जर्मन सैनिक बरेच होते, वृत्तपत्रांनी पराभवाचे खापर त्यांच्यावर फोडले, आणि उजवी बगल उघडी आहे हे वरिष्ठांना वेळेत सांगूनही कोणी ऐकले नाही हे सिद्ध करण्यासाठी शुर्त्स यांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत. रोष समजण्यासारखा आहे. तरी रणांगणाचा नकाशा समोर न ठेवता हा मजकूर वाचणे म्हणजे नुसती नावे मोजणे आहे.

तिसऱ्या खंडाबद्दल सावधपणे सांगायला हवे. यात युद्धाचा उरलेला भाग आहे, आणि १८६५ च्या उन्हाळ्यात अध्यक्ष जॉन्सन यांच्या सांगण्यावरून केलेला दक्षिणेचा दौरा आहे. गुलामगिरी कागदावर संपली तरी मुक्त झालेल्या काळ्या माणसांना जुन्याच जोखडात परत घालण्याचे प्रयत्न कसे चालले आहेत, याचा त्यांनी सविस्तर अहवाल दिला. जॉन्सन यांना तो अजिबात रुचला नाही. सिनेटने तो मागवून घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो छापला गेला. सरकारने स्वतःच नेमलेल्या माणसाचा अहवाल सरकारलाच नकोसा होणे हे आपल्याला नवे नाही, म्हणून हे प्रकरण सावकाश वाचावे. त्यानंतर १८६८ ची बिस्मार्क यांच्याशी बर्लिनमध्ये झालेली भेट आहे. ज्या प्रशियातून कैदी पळवून नेला त्याच प्रशियाच्या सर्वोच्च मंत्र्याने आता पाहुणा म्हणून बोलवावे, याचा आनंद लेखकाला झाकता आलेला नाही, आणि झाकावा असे मलाही वाटले नाही.

पण पत्रकार शुर्त्स शोधणाऱ्याची इथे निराशा होते. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे वॉशिंग्टनमधले वार्ताहर, ‘डेट्रॉइट पोस्ट’चे संपादक, आणि १८६७ पासून सेंट लुइसच्या ‘वेस्टलिशे पोस्ट’ या जर्मन दैनिकाचे एक मालक-संपादक, ही सगळी वाटचाल थोडक्यात आटोपली आहे. ज्या कचेरीत पुढच्याच वर्षी जोसेफ पुलित्झर नावाचा तरुण वार्ताहर म्हणून दाखल झाला, तिथले रोजचे काम कसे चालत असे हे वाचायला मी उत्सुक होतो. ते मिळाले नाही. आणि १८६९ मध्ये, मिझुरीचे सिनेटर म्हणून शपथ घेण्याच्या सुमारास, आत्मकथन थांबते. १४ मे १९०६ रोजी शुर्त्स यांचे निधन झाले तेव्हा ते इथपर्यंतच पोहोचले होते. उरलेली सदतीस वर्षे फ्रेडरिक बॅन्क्रॉफ्ट आणि विल्यम डनिंग या दोन इतिहासकारांनी लिहिलेल्या पुरवणीत उरकली आहेत.

या सदतीस वर्षांत काय काय होते ते पाहिले तर नुकसान कळते. सिनेटमध्ये जाणारे ते जर्मनीत जन्मलेले पहिले अमेरिकन. स्वतःच्या पक्षाचे अध्यक्ष ग्रँट यांना सांतो दोमिंगो (आजचे डोमिनिकन प्रजासत्ताक) अमेरिकेला जोडायचे होते, त्याला त्यांनी विरोध केला. १८७२ मध्ये पक्षातल्या असंतुष्टांची वेगळी चूल मांडली आणि तिथे भलताच उमेदवार निवडला गेल्यावर हात चोळत बसले. १८७७ ते १८८१ या काळात ते अंतर्गत खात्याचे मंत्री होते, नोकऱ्या वशिल्याऐवजी गुणवत्तेवर द्याव्यात म्हणून त्यांनी आपल्या खात्यात परीक्षा लावल्या आणि सरकारी जंगलांची लूट थांबवायचा प्रयत्न केला. याच काळात पोंका या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीला तिच्या भूमीवरून हलवल्याचे प्रकरण त्यांच्यावर शेकले. हलवण्याचा निर्णय आधीचा होता, पण अंमल त्यांच्या कारकिर्दीत झाला आणि लेखिका हेलन हंट जॅक्सन यांनी त्यांच्यावर उघड टीका केली. मुक्त गुलामांच्या बाजूने इतके स्पष्ट लिहिणाऱ्या माणसाने या मूळ रहिवाशांबाबत असे का वागावे, याचे त्यांच्या स्वतःच्या लेखणीतून उतरलेले उत्तर या आठवणींत नाही. मला तरी संचातली सर्वांत मोठी उणीव हीच वाटली.

संपादकपदाची दुसरी खेपही पुरवणीतच गेली आहे. १८८१ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ‘इव्हनिंग पोस्ट’चे एक संपादक झाले आणि सहकारी गॉडकिन यांच्याशी न पटल्याने दोन वर्षांत बाहेर पडले, पुढे ‘हार्पर्स वीकली’साठी १८९२ पासून अग्रलेख लिहिले आणि १८९८ मध्ये स्पेनशी युद्धाच्या प्रश्नावर तेही सोडले. मालक किंवा सहकारी यांच्याशी मत जुळेना की खुर्ची सोडायची ही रीत आपल्याला आगरकरांमुळे परिचयाची आहे. जुन्या सातारा जिल्ह्यातल्या टेंभूत जन्मलेल्या या संपादकाने ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला होता. आगरकरांनी आपली बाजू स्वतःच्या पत्रातून मांडली. शुर्त्स यांची बाजू या संचात दुसऱ्यांच्या तोंडून, आटोपशीरपणे येते.

सुटलेल्या पानांचे काय करावे हे विचारण्यासाठी दुसरा खंड मी खणभागातल्या एका जुन्या बाइंडरकडे नेला. त्यांनी पाठ निरखून सांगितले की पाने सुटी कापून चिकटवलेली असल्यामुळे मधून शिवणे शक्य नाही, आणि बाजूने टोचून शिवले तर आधीच अरुंद असलेला समास पुरता गिळला जाईल. मग त्यांनी जुना गोंद खरवडून काढला, पाठीवर आडव्या खाचा पाडून त्यांत दोरा बसवला, वरून जाळीचे कापड चिकटवले आणि तेच पुठ्ठे पुन्हा चढवले. खंड आता टेबलावर सपाट उघडा राहतो. मजुरी एका खंडाच्या किमतीच्या निम्म्याहून कमी आली. विक्रेत्याने तक्रारीवर दुसऱ्या खंडाची बदली प्रत विनाशुल्क पाठवली होती हे नोंदवले पाहिजे, पण तीही त्याच फायलीवरून छापलेली आणि तशीच चिकटवलेली निघाल्यामुळे बदलून मिळाले ते फक्त पार्सल.

विक्रेता खंड सुटेही देतो. पहिला खंड तसाच घ्यावा. दुसरा घेतल्यास बाइंडरचे पैसे किमतीत धरूनच घ्यावा. तिसरा, दक्षिणेच्या दौऱ्यात रस असेल तर घ्यावा, आणि मागणी नोंदवण्याआधी आतल्या एखाद्या चित्राच्या पानाचे व उघड्या पुस्तकाच्या मधल्या समासाचे छायाचित्र मागवून घ्यावे. माझ्या विनंतीनंतर या विक्रेत्याने ते त्याच दिवशी पाठवले होते, फक्त मी ती विनंती केली तेव्हा पैसे भरून झालेले होते.